सिसिली: वांग्याचे लावे, भोपळ्याचं काळीज आणि समुद्रातच राहिलेले मासे

चिंचगुळ:

परत येऊन महिना झाला तरी लिहायला मुहूर्त मिळत नव्हता, आज घरात कोणी नाहीये म्हणून बसलेय. ऑक्टोबरच्या शेवटापासून ५ नोव्हेंबरपर्यंत आम्ही दोघं सिसिलीत होतो, कातानियाला उतरलो, मग सिराकुझा, मोदिका आणि शेवटचे पाच दिवस पालेर्मो. देवळं, थिएटरं, एत्ना ज्वालामुखी वगैरेवर लिहिणारे पुष्कळ आहेत, मी फक्त खाण्यावर लिहिणारे, त्यातही मी अंडं खाणारी शाकाहारी आणि नवरा काहीही खाणारा हे आधीच सांगून ठेवते.

तर मला वाटत होतं इटली म्हणजे पिझ्झा पास्ता चीज. पालेर्मोत आम्ही ज्यांच्या घरात खोली घेतली होती त्या काकूंनी पहिल्याच दिवशी माझा हा समज मोडीत काढला. सत्तरीच्या असतील, इंग्रजी शून्य, मोबाईलवरच्या भाषांतरावर आमचा संवाद. मी मासे खात नाही म्हटल्यावर त्या जरा विचारात पडल्या आणि मग एकदम हसून म्हणाल्या, मग तुला 'पास्ता की सार्दी आ मारी' करते. म्हणजे काय तर सार्डीन मासे घालून करतात तो पालेर्मोचा प्रसिद्ध पास्ता, फक्त मासे अजून समुद्रातच आहेत! मासे घ्यायची ऐपत नसली की बाकी सगळं तसंच करायचं आणि नाव मात्र माशाचंच ठेवायचं. (एरवी त्यात एकदोन खारवलेले अँकोव्ही विरघळवतात, माझ्यासाठी तेही समुद्रात राहिले.)

ओट्यापाशी उभं राहून बघितलं ते सांगते. फ्रीजरमधून रानबडीशेपेच्या उकडलेल्या पाल्याची पुरचुंडी काढली, हा पाला हिवाळा-वसंतात रानात मिळतो तेव्हा उकडून ठेवून देतात. तो चिरून कांद्यावर परतला, त्यात बेदाणे, पाइन नट्स आणि चिमूटभर केशर. पाला ज्या पाण्यात उकडला तेही राखून ठेवलेलं, त्याच पाण्यात जाड पोकळ नळीचा पास्ता शिजवला. आणि शेजारच्या तव्यावर शिळ्या पावाचा चुरा, थेंबभर तेल टाकून, आपण शिऱ्याला रवा भाजतो अगदी त्याच हाताने, बदामी होऊन वास सुटेपर्यंत. याला म्हणतात मुद्दीका. चीज कुठाय असं मी विचारलं तर काकूंनी तव्याकडे बोट दाखवलं. ज्यांना चीज परवडत नसे ते पावाचा चुरा भाजून वरून भुरभुरवायचे, आणि आता परवडत असलं तरी या पास्त्यावर चुराच पडतो, चीज मागितलं तर तोंड वाकडं करतात.

मग पुढचे चार दिवस मला जिथे तिथे हेच दिसायला लागलं. श्रीमंताच्या ताटात जे असायचं त्याची गरिबाने केलेली नक्कल! 'सार्दे आ बेक्काफीको' घ्या. बेक्काफीको हा अंजिरं खाऊन गलेलठ्ठ होणारा इवलासा पक्षी, बड्या लोकांच्या घरी तो आतड्यांसकट भरून खायचे. गरिबांनी काय केलं, सार्डीन उघडून त्यात पावाचा चुरा, बेदाणे, पाइन नट्स भरून गुंडाळी केली आणि शेपट्या वर उभ्या ठेवल्या, म्हणजे चोच खुपसून बसलेले पक्षी दिसावेत. नवऱ्याने एका बैठकीत नऊ खाल्ले.

माझं आवडतं मात्र 'क्वाल्ये', म्हणजे लावे पक्षी. ते असतं छोटं लांबट वांगं, देठाशी न तोडता खालून बारीक उभ्या चिरा देऊन तळलेलं, तेलात पडलं की पाकळ्या फुलून पिसांसारख्या पसरतात. पालेर्मोच्या गाड्यांवर हे मिळतं. वांग्याचे लावे!

आणि भोपळ्याचं काळीज, 'फिकातू री सेत्ती कान्नोला'. म्हणजे सात तोट्यांचं काळीज. पालेर्मोच्या वुच्चिरीया बाजाराजवळ सात तोट्यांचं कारंजं आहे, तिथले भाजी विकणारे हा पदार्थ करायचे म्हणे. वाड्यांवर गोड-आंबट काळीज शिजायचं, त्याचा वास गल्लीत यायचा, मग यांनी लाल भोपळ्याच्या चकत्या लसणीच्या तेलात तळून त्यावर व्हिनेगर, साखर आणि पुदिना घातला आणि त्यालाच काळीज म्हणायला लागले. गार खायचं, दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. मी तीनदा खाल्लं.

पुढचं नंतर लिहिते, कुकरची शिट्टी.

रातराणी_७७:

अगं काय लिहिलंयस, भूक लागली. आमच्याकडे श्रावणात पापलेटाच्या जागी वांग्याचे काप असतात ते आठवलं, सासरे त्याला "आजचं पापलेट" म्हणतात. मला एक सांग, आम्ही एप्रिलमध्ये जायचं म्हणतोय आणि मी पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही, तर तिथे माझे हाल होतील का?

पंत_उवाच:

धागा उत्तम. फक्त एक भर घालतो, कोणी मागितली नसली तरी. ज्या वांग्याचे लावे तुम्ही खाल्लेत ते वांगं तिथे आपल्याच बाजूने गेलंय. संस्कृत वातिंगण, त्याचं फारसीत बादिंगान, अरबीत बाधिंजान, आणि सिसिलीत मिलिंचाना. इटालियनमधल्या मेलान्झानाचा अर्थ लोकांनी मग 'वेडं सफरचंद' असा लावून घेतला, त्याला काही अर्थ नाही. आपलं वांगं त्याच मुळातलं. अरब सिसिलीत उतरले ८२७ साली, माझारा देल वाल्लोपाशी, ८३१ ला पालेर्मो घेतलं आणि १०७२ ला नॉर्मनांनी ते त्यांच्याकडून हिसकावलं. या अडीचशे वर्षांत ऊस, संत्री, लिंबं, तांदूळ, पाटपाणी हे सगळं त्या बेटावर रुजलं. बेदाण्यापासून केशरापर्यंत गोड-आंबट-सुगंधी असं जे जे तुम्ही वर वर्णन केलंय त्यात अरबी स्वयंपाकघराचा हात आहे. बागेतल्या पाण्याच्या हौदाला तिथले शेतकरी अजून जेब्बिया म्हणतात, तिळाला जुज्जुलेना, दोन्ही अरबी शब्द.

भटक्या_खेकडा:

पंत आले म्हणजे आता धागा आठव्या शतकात जाणार, सगळ्यांनी गरम कपडे घाला 😀

पंत_उवाच:

नववं शतक.

भटक्या_खेकडा:

😂😂 बरं, माझं पण थोडं. मी मर्चंट नेव्हीत होतो, टँकरवर, त्यामुळे आमचं बंदर म्हणजे आउगुस्ता, सिसिलीच्या पूर्व किनाऱ्यावर, सगळा तेलशुद्धीचा पसारा, धूर आणि टाक्या, सुंदर वगैरे काही नाही. पण तिथून बस पकडली की कातानिया, आणि कातानियाची मासळीबाजार ही माझ्यासारख्या रत्नांग्रीच्या माणसाला काशी. काळ्या लाव्हाच्या फरशीवर पाणी, माथ्यावर लाल कनाती, आणि तलवार माशाचं डोकं टेबलावर उभं, तलवार आभाळाकडे. ओरडा एवढा की वाटावं मिरकरवाड्याला लिलाव चाललाय. तिथे विकणाऱ्याच्या हाळीला अब्बान्नियाता म्हणतात, तालात म्हणतात ती, अर्धी स्तुती अर्धी शिवी.

चिंचगुळ यांनी लिहिलेली नक्कल बरोबर आहे पण जिथे अस्सल मिळतं तिथे मी अस्सलच खातो. पालेर्मोचा 'पाने का मेउसा' म्हणजे पावात प्लीहा आणि फुप्फुस. उकडून, बारीक कापून, डुकराच्या चरबीत गरम करून पावात कोंबतात. तो विचारतो "स्केत्तू की मारितातू", म्हणजे बिनलग्नाचा की लग्न झालेला. नुसतं लिंबू पिळलेला तो अविवाहित, रिकोट्टा (मऊ ताजं चीज) आणि किसलेलं चीज घातलेला तो संसारी. मी तेव्हा अविवाहित होतो म्हणून स्केत्तू घेतला. परत गेलो नाही त्याच्याकडे, खोटं कशाला सांगू. हा पदार्थ पालेर्मोतल्या ज्यू खाटकांचा असं सांगतात, मजुरी म्हणून पैसे न घेता आतडी-काळीज घ्यायचे आणि ते विकायचे. स्पॅनिश राजाने १४९२ ला त्यांना हाकलायचा हुकूम काढला, माणसं गेली, सँडविच राहिलं.

मुपो_मिलान:

मी मिलानमध्ये राहते, सोळा वर्षं झाली. ऑफिसात दोन सिसिलीयन आहेत, एक पालेर्मोचा एक कातानियाची, आणि त्यांचं भांडण ऐकायला मी मुद्दाम विषय काढते. तळलेला भाताचा गोळा, आत रस्सा-मटार किंवा लोणी-हॅम-चीज, तो पालेर्मोत स्त्रीलिंगी, आरांचीना, गोल. कातानियात पुल्लिंगी, आरांचीनो, वरती टोकदार, एत्नासारखा. दुसऱ्याच्या गावात जाऊन चुकीचं लिंग वापरलंत तर दुकानदार ऐकू न आल्यासारखं करतो. इटालियन भाषेच्या अकादमीलाही यात पडावं लागलं, आणि तिने दोन्ही बरोबर असं सांगितल्यामुळे कोणाचंच समाधान झालं नाही. कोल्हापूरची मिसळ की नाशिकची यावर आपल्याकडे जे होतं तेच.

रातराणी, तुमच्यासाठी: लोण्याचा आरांचीना म्हणजे शाकाहारी नाही, त्यात हॅम असतं. जाड पावासारखा पिझ्झा असतो स्फिंचोने, त्यावर अँकोव्ही. आणि वाईट बातमी अशी की कान्नोली, म्हणजे गोड रिकोट्टा भरलेली तळलेली मिठाई, तिची नळी पारंपरिक पद्धतीत डुकराच्या चरबीत मळतात आणि चरबीतच तळतात. विचारून घ्या, आता बरेच जण तेल वापरतात.

रातराणी_७७:

कान्नोली पण?? 😭 मी त्यासाठीच चालले होते.

चिंचगुळ:

रातराणी, रडू नको, पानेल्ले आहेत. हरभऱ्याच्या पिठाचं पिठलं घट्ट शिजवायचं, त्यात पार्सली, ताटलीच्या पाठीवर पातळ थापायचं, गार झालं की कापून तळायचं. पाटवडी तळली की काय होईल, तेच, फक्त फोडणी नाही आणि कागदासारखी पातळ. तिळाच्या पावात पाचसहा भरून, लिंबू पिळून, कागदात गुंडाळून हातात देतात. त्यातच बटाट्याचे लांबोडके वडे पण घालून मिळतात, त्यांचं पालेर्मोतलं नाव मी इथे लिहिणार नाही, पुरुषाच्या अवयवावरून आहे आणि बायाबापड्या सगळ्या बिनधास्त ओरडून मागतात. म्हणजे वडापावच की, तोही बेसनासकट. मी तर रोज एक खाल्ला. शिवाय कापोनाता, वांग्याच्या फोडी तळून सेलरी, ऑलिव्ह, केपर, टोमॅटो, व्हिनेगर आणि साखर घालून, गार. ती पण मूळची नक्कलच म्हणतात, कापोने नावाच्या माशाच्या जागी वांगं. कातानियाला गेलीस तर पास्ता आला नोर्मा, तळलेलं वांगं, टोमॅटो, तुळशीची बहीण आणि वरून खारवलेला किसलेला रिकोट्टा. संगीतकार बेल्लिनी कातानियाचा, त्याच्या ऑपेरावरून नाव.

न्याहारीला ग्रानीता. बर्फाचा गोळा नव्हे, दाट, चमच्याने खायचा, बदामाचा, तुतीचा, लिंबाचा, पिस्त्याचा. सोबत ब्रियोश नावाचा मऊ पाव, ज्याच्या डोक्यावर एक छोटा गोळा असतो त्याला तुप्पो म्हणतात म्हणजे चक्क अंबाडा. आधी अंबाडा तोडायचा, ग्रानीत्यात बुडवायचा. पूर्वी एत्नावर खड्ड्यांत बर्फ दाबून साठवायचे, राखेने-पाल्याने झाकायचे आणि उन्हाळ्यात खाली आणून विकायचे, तिथून हे आलं. ब्रियोशमध्ये अंडं असतं रातराणी, तू नुसता ग्रानीता खा, बदामाच्यात दूधही नसतं.

सदाफुली:

वाचतेय. भोपळ्याचं काळीज या रविवारी करणार. प्रमाण द्या ना कोणीतरी.

द्राक्षवेल:

निफाडकडचा आहे, द्राक्षवाला, वाइनच्या द्राक्षांचा दोन एकर प्लॉट आहे आणि त्यानिमित्ताने एकदा एका गटाबरोबर सिसिलीला जाणं झालं होतं. धाग्यात वाइन कोणी आणेना म्हणून मी आणतो.

एत्नाच्या उत्तर अंगाला गेलो होतो ऑक्टोबरमध्ये. आमच्याकडे तेव्हा गोडी छाटणी चाललेली असते आणि तिथे तोडणी, नेरेल्लो मास्कालेझे ही तिथली काळी जात खूप उशिरा पिकते. आपण वर्षाला दोनदा छाटतो, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी, कारण आपल्याकडे वेल झोपतच नाही, तिला कात्रीने फसवायला लागतं. तिथे थंडीत वेल आपली आपण झोपते, एकच छाटणी. हे मी त्या शेतकऱ्याला समजावून सांगितलं तर तो माझ्याकडे दयेनं बघत होता.

आणि तारा नाहीत, मांडव नाही, वाय आकाराचा आधार नाही. एकेक वेल सुटी, झुडपासारखी, एका चेस्टनटच्या खुंटाला बांधलेली, याला अल्बेरेल्लो म्हणतात. काळ्या दगडाच्या पायऱ्या, ट्रॅक्टर जाणार नाही, सगळं हातानं. काही वेली शंभर वर्षांपुढच्या, आणि कलम न केलेल्या! आपण डॉगरिजच्या खुंटावर भरल्याशिवाय विचार करत नाही. फिलोक्सेरा नावाच्या किडीने युरोपच्या बागा मुळापासून खाल्ल्या, पण ज्वालामुखीच्या रेताड राखेत तिला नीट चालता येत नाही म्हणून इथल्या काही जुन्या वेली स्वतःच्या मुळावर उभ्या राहिल्या. हात लावून बघितलं, खोड माझ्या मांडीएवढं, पिळलेल्या दोरखंडासारखं.

रंग फिका, आमच्या गटातला एक जण म्हणाला पाणी घातलंय. पण तोंडात घेतल्यावर आंबटपणा आणि तुरटपणा दोन्ही ताठ. नेरो दावोला मात्र गडद, जाडजूड, आपल्या मटणाला चालेल अशी. दक्षिणेला वित्तोरियाकडे नेरो दावोलात फ्राप्पातो मिसळून चेराझुओलो करतात, सिसिलीतली सर्वात वरच्या दर्जाची मोहोर मिळालेली ती एकटीच, २००५ पासून.

पान्तेल्लेरिया बेटावर जाता आलं नाही, ते ट्युनिशियाला जवळ. तिथे वारा एवढा की वेल खड्ड्यात लावतात, जमिनीच्या वर येऊच देत नाहीत. या लागवडीच्या पद्धतीला २०१४ ला युनेस्कोनं वारसा म्हणून घेतलं. द्राक्ष झिबिब्बो, पंत सांगतील शब्द कुठला.

पंत_उवाच:

झबीब. अरबीत बेदाणा/मनुका. धन्यवाद.

द्राक्षवेल:

हां तेच. तर ती द्राक्षं उघड्या उन्हात वाळवून त्याची पास्सीतो नावाची गोड वाइन करतात. आपल्या तासगावला बेदाणा शेडवर, सावलीत, डिपिंग ऑइलमध्ये बुडवून. तिथे उघड्यावर, फक्त रात्रीच्या दवाला झाकायचं. एकाने बाटली आणलेली चाखली, मध आणि जर्दाळू.

मार्साला पण सांगतो, नक्कलच आहे ती! १७७३ ला जॉन वुडहाउस नावाचा इंग्रज व्यापारी वादळामुळे मार्सालाच्या बंदरात शिरला, तिथली वाइन त्याला स्पेन-पोर्तुगालच्या शेरी, मदेराच्या वळणाची वाटली, इंग्लंडपर्यंत टिकावी म्हणून त्यानं तिच्यात ब्रँडीसारखं कडक अल्कोहोल घातलं आणि विकली. महाग मालाच्या जागी स्वस्त माल. पुढे नेल्सनच्या आरमारात गेली, १८३३ ला फ्लोरिओ या पालेर्मोच्या व्यापारी घराण्यानं धंदा काढला आणि इंग्रजांच्या गुदामांशेजारी आपलं गुदाम उभं केलं. गारिबाल्दी आपले हजार लोक घेऊन ११ मे १८६० ला उतरला तो याच गावात. आता लोक ती चिकनच्या सॉसमध्ये ओततात, पण पाच वर्षं पिंपात मुरलेली वेर्जिने पिऊन बघा, कोरडी असते, अजिबात गोड नाही. आणि घरी सांगितलं मार्साला आणलीय तर आईने मसाल्याच्या डब्यात ठेवायला घेतली.

भटक्या_खेकडा:

मसाल्याचा डबा 😂 फ्लोरिओंचं नाव निघालं म्हणून. फाविन्याना बेट पण त्यांनीच १८७४ ला विकत घेतलं, ट्यूनासाठी. मी सुट्टीत बायकोला घेऊन गेलो होतो, ट्यूना डबाबंद करायचा जुना कारखाना आता संग्रहालय आहे, नांगरांचे ढीग, काळ्या होड्या. जाळ्यांच्या खोल्या समुद्रात बांधायच्या, मासा एकातून दुसरीत, शेवटच्या खोलीत तळाचं जाळं वर ओढायचं, ती मात्तान्झा. सगळ्यांचा मुकादम राइस, हाही अरबी शब्द असणार, पंत गप्प बसा. जाळं ओढताना म्हणायची गाणी असतात, आया मोला आया मोला, एक सांगणार बाकीचे झेलणार. मी तिथे रेकॉर्डिंग ऐकत उभा होतो आणि मला आमच्या गावची रापण दिसत होती, दोन्ही टोकांना माणसं, वाळूत पाय रोवून, शेवटी वाट्याला जी येईल ती मासळी. मात्तान्झा आता होत नाही, मासाच मोठ्या जहाजांनी बाहेरच्या बाहेर उचलला. रापण पण तशीच चाललीय.

चिंचगुळ:

खेकडा, हे छान लिहिलंत.

माझा उरलेला भाग. आम्ही २ नोव्हेंबरला मुद्दाम पालेर्मोत होतो, त्यांचा मृतांचा दिवस. आपल्याकडे पितरांना आपण जेवायला घालतो, तिथे पितर मुलांना खेळणी आणि खाऊ आणतात! आदल्या रात्री घरातले गेलेले आजी-आजोबा येऊन ठेवून जातात, सकाळी मुलांनी घरभर शोधायचं. काकू म्हणाल्या त्यांच्या लहानपणी रात्री किसणी लपवून ठेवायचे, कारण मस्ती केलेल्या पोरांचे तळपाय मृत लोक किसणीने किसतात. हे सांगताना त्या स्वतःच पाय आक्रसून बसल्या होत्या.

खाऊ म्हणजे साखरेच्या ओतीव रंगीत बाहुल्या, ढाल-तलवारवाले सरदार, ते कठपुतळ्यांच्या खेळातले ओर्लान्दो आणि रिनाल्दो. आणि फ्रुत्ता मार्तोराना, बदामाच्या लगद्याची खोटी फळं. पेरूवर डाग, अंजिराला तडा, चेस्टनटला धूळ, इतकं हुबेहूब की नवऱ्याने एका दुकानात खोट्या फळांच्या टोपलीतलं लिंबू खरं समजून उचललं आणि बाईंनी हात धरला. मार्तोराना मठातल्या नन्सनी कोणी बडा पाहुणा येणार म्हणून बागेतल्या फळं नसलेल्या झाडांना ही टांगली अशी गोष्ट आहे. म्हणजे तिथेही नक्कल. उलटी नक्कल मोदिकात सापडली, म्पानातिग्गी नावाची करंजी, चॉकलेट, बदाम, दालचिनी आणि आत बेमालूम वाटलेलं गोमांस! मी खाल्ली अर्धी. मग नवऱ्याने लेबल वाचलं. एक दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. रातराणी, चॉकलेटची करंजी दिसली की पळ. मोदिकाचं नुसतं चॉकलेट मात्र निर्धास्त खा, ते फार गरम न करता घडवतात त्यामुळे साखर विरघळत नाही, दाताखाली करकरते.

आणि कसाटा! आपल्या लग्नांत बुफेच्या शेवटी मिळायचा तो तीन रंगी आइस्क्रीमचा तुकडा, खाली केक, कडेला दाणे. त्याची आजी पालेर्मोत भेटली. तिच्यात आइस्क्रीम नाही, मेंढीच्या दुधाचा गोड रिकोट्टा, भोवती हिरवा बदामाचा लगदा, वर साखरेचा पांढरा थर आणि खडीसाखरेसारखी पाकवलेली फळं, त्यातली भोपळ्याची कापं म्हणजे आग्र्याचा पेठा. ईस्टरला खायची असते, त्या दिवशी सकाळी कासाता न खाणारा करंटा अशी म्हणच आहे. मी नोव्हेंबरमध्ये खाल्ली. काकूंनी काही म्हटलं नाही पण मान हलवली.

शेवटच्या दिवशी मोन्ते पेल्लेग्रिनोवर सांता रोझालियाच्या गुहेत गेलो. १६२४ च्या प्लेगमध्ये तिच्या अस्थी सापडल्या, शहरातून मिरवल्या आणि साथ ओसरली म्हणून ती पालेर्मोची देवी. छतातून पाणी ठिबकतं ते गोळा करायला पत्र्याच्या पन्हाळी आडव्यातिडव्या लावल्यात. आणि समोर साड्या, गजरे! श्रीलंकेहून आलेली तमिळ कुटुंबं, बरीचशी हिंदू, दर आठवड्याला येतात म्हणे. एक आजी पायऱ्यांवर बसून मला तमिळमध्ये काहीतरी विचारत होती, बहुतेक मी कुठली ते. पुणे म्हटलं. तिला काही कळलं नाही, मलाही नाही, तिने पिशवीतून केळं काढून दिलं.

परतताना विमानतळावर पिस्त्याच्या क्रीमच्या दोन बरण्या हँडबॅगेत होत्या, त्या काढून घेतल्या, क्रीम म्हणजे द्रव पदार्थ. ब्रोन्तेचा पिस्ता, लाव्हात वाढणारा, दोन वर्षांतून एकदाच तोडणी होते त्याची. मी तिथेच उभ्या उभ्या बोटाने खाल्लं जेवढं जाईल तेवढं. मागे रांग होती.

मुपो_मिलान:

बरण्या चेक-इनमध्येच टाकायच्या, हे मी प्रत्येकाला सांगते, कोणी ऐकत नाही. आणि १३ डिसेंबर राहिला की! सांता लुचियाचा दिवस. पालेर्मोत त्या दिवशी पाव आणि पास्ता दोन्ही बंद, दुष्काळात त्या दिवशी गव्हाचं जहाज आलं आणि लोकांनी दळायचीही वाट न बघता गहू तसाच शिजवून खाल्ला अशी कथा. म्हणून कुच्चीया खातात, दोनतीन दिवस भिजवून शिजवलेला अख्खा गहू, रिकोट्टा आणि साखर. मी माझ्या सहकाऱ्याला खपली गव्हाच्या खिरीचा फोटो दाखवला तर तो म्हणाला दूध का ओतलंस इतकं. आणि उपास म्हणजे पाव-पास्ता नाही, आरांचीने मात्र दिवसभर, डझनांनी. त्यांचा उपास आपल्या साबुदाणा वड्याच्या जातीचा.

रातराणी_७७:

ठरलं, डिसेंबर. नवऱ्याला सांगते.

चिंचगुळ:

सदाफुली, प्रमाण: अर्धा किलो लाल भोपळा, सालं काढून बोटाच्या पेराएवढ्या जाड चकत्या. ऑलिव्ह तेलात चारपाच लसूण पाकळ्या तांबूस करून काढून घे, त्याच तेलात चकत्या दोन्हीकडून डाग पडेपर्यंत. मग दोन चमचे साखर अर्धी वाटी व्हिनेगरमध्ये विरघळवून ओत, मोठ्या आचेवर आटू दे. वर पुदिना आणि तो लसूण. व्हिनेगर वाइनचं घे.

सदाफुली:

केलं काल. वाइनचं व्हिनेगर घरात नव्हतं म्हणून ते पांढरं, चायनीजला वापरतो ते ओतलं अर्धी वाटी. गॅस मोठा. पुढची दहा मिनिटं अख्खं घर खोकत बाल्कनीत, शेजारच्या काकू विचारायला आल्या मिरच्या भाजताय का म्हणून. तरी रात्रभर ठेवून आज काढलं आणि खरंच बरं लागलं, तीव्रपणा बसला, भोपळा मऊ पण मोडलेला नाही. सासूबाईंनी दोनदा घेतलं, विचारलं कशाची भाजी, मी म्हटलं गोड-आंबट भोपळा. तेवढ्यात आमचं पोरगं, जे परवा माझ्या खांद्यावरून हा धागा वाचत होतं, ते म्हणालं, आजी हे काळीज आहे, गरिबांचं. त्या ताट बाजूला सारून उठल्या. आता तूच फोन करून समजाव त्यांना, चिंचगुळ.